एकच नळी

चिलोएच्या किनाऱ्यापासून सुटलेलं, सदतीस घरांचं बेट.
दवाखाना म्हणजे एक खोली, एक वजनकाटा,
एक फ्रीज, आणि मी.
जूनमध्ये इथे हिवाळा असतो. पाऊस आडवा येतो.
माणसं चुलीकडे सरकतात,
खिडक्यांच्या फटीत मेंढीची लोकर कोंबतात
आणि एकाचा श्वास दुसऱ्याच्या छातीत
बिनभाड्यानं राहायला जातो.

गेल्या जूनमध्ये एलिसेओ सात आठवड्यांचा होता.
मिनिटाला अडुसष्ट श्वास.
घड्याळ हातात धरून तीनदा मोजले,
एकदा तरी कमी भरावेत म्हणून.
बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती,
ओल्या शिडासारखी.
पोर वाचलं. आधीच सांगून टाकते,
म्हणजे पुढचं नीट ऐकाल.
पण होडीतले ते चार तास
रेमिहिआ एकच वाक्य म्हणत होती:
"आर्तेमिओला नुसती सर्दी तर होती."

नुसती सर्दी.

या वर्षी मार्चमध्येच लशींची थंड पेटी उतरवून घेतली,
पोटाशी धरून, चिखलातून, दार दार.
आर्तेमिओ चिगुआय, वय एक्क्याऐंशी, म्हणाला,
"माझ्या छातीत अजून जहाज बांधता येईल."
म्हटलं, बांधा.
ही सुई तुमच्यासाठी नाहीच, एलिसेओसाठी आहे.
दंड तेवढा तुमचा.
बराच वेळ तो धक्क्याकडे बघत राहिला.
मग बाही वर केली.
यंदा जन्मलेल्या एकुलत्या एका पोरीला
मांडीत टोचलं, तेव्हा तिच्याहून मोठ्यानं
तिचा बाप रडला.

पण माटेचं काय करायचं?
भोपळ्याच्या भांड्यात कडू पाला, वरून गरम पाणी,
धातूची एकच नळी, आणि ती फिरते
या ओठांतून त्या ओठांत, संध्याकाळभर.
शहरातून कागद आला: भांडी सामायिक वापरू नयेत.
लिहिणारा ओर्तेन्सियाच्या स्वयंपाकघरात
कधी बसलेला नसणार.
तिथे नळी नाकारणं म्हणजे
तुझं घर अस्वच्छ आहे, असं तिला तोंडावर सांगणं.
कागद मी चुलीत घातला
आणि मिलालोंको बाईंना स्वतःच जाऊन सांगितलं.
त्या काहीच बोलल्या नाहीत.
तीन दिवस. माझ्याशी तर नाहीच.

चौथ्या दिवशी अंडी आणायला गेले,
तर चुलीशेजारच्या भिंतीवर खिळ्यांची रांग.
चौदा नळ्या. प्रत्येकीला लोकरीची गाठ:
निळी, गंजाच्या रंगाची, एक न रंगवलेली.
खाली चौदा भांडी: कान तुटलेले कप,
पोपडे उडालेले मग, फुटबॉलमध्ये जिंकलेला एक चषक.
"चव गेली माटेची," कुणीतरी पुटपुटलं.
बाईंनी पाणी ओतणं थांबवलं नाही.
"किटली एकच आहे ना?
मग झालं."

खिडकी चार बोटं उघडी, फटीत बटाटा अडकवलेला,
म्हणजे वाऱ्यानं आपटू नये.
लाकूड जास्त जळतं, त्यावरून रोज भांडण.
जुलैत आर्तेमिओच्या नाकाला पाणी आलं,
तर तो स्वतःहून घरी बसला
आणि त्याची करड्या गाठीची नळी दोन आठवडे
खिळ्यावर तशीच. नात किटली त्याच्या पायरीवर ठेवायची,
दार वाजवायची आणि पळायची.
"कुत्र्यासारखं वाढता मला," तो आतून ओरडायचा.
ओरडण्यात खोकला किती, ते मी कुंपणापलीकडून ऐकायचे.

काल रेमिहिआनं एलिसेओला काट्यावर बसवलं.
नऊ किलो चारशे.
मी सवयीनं श्वास मोजले. अठ्ठावीस.
पुन्हा मोजले. उगाच.
"आता कशाला?" तिनं विचारलं.
मला सांगता आलं नाही.
तेवढ्यात त्यानं मान वर केली
आणि माझ्या तोंडावर सपशेल शिंकला.
मास्क हनुवटीवर होता.
माझाच.